पुठ्ठ्यावरचा पत्ता

तो पुठ्ठा मी लिहिला होता, हे आधीच सांगून टाकतो. असल्या गोष्टी शेवटी सांगायच्या म्हणून ठेवल्या की माझ्या हातून त्या राहूनच जातात. या प्रकरणात तसं एकदा झालंही.

कोपरगावच्या आमच्या वाचनालयात इंटरनेट आलं ते एकोणीसशे नव्व्याण्णवच्या श्रावणात. अध्यक्ष आबासाहेबांचे जावई परदेशातून सुट्टीवर आले होते. त्यांनी एक संगणक देणगी दिला आणि मुलांना जग दिसू द्या, असं छोटंसं भाषण केलं. जुन्या मासिकांचे गठ्ठे ज्या खोलीत होते ती झाडून घेतली, फोनची तार आत ओढली आणि दारावर ‘संगणक कक्ष’ अशी पाटी लागली. गठ्ठे तिथेच राहिले, कारण त्यांना दुसरी जागा नव्हती.

“तुम्हाला तरी कुठे आहे,” माझी पत्नी इंदू म्हणाली. एकतीस वर्षं मी तिथे ग्रंथपाल होतो आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रोज दुपारी जेवण झालं की तिथेच जाऊन बसत होतो.

“सर, तुमी नुसतं बसायचं,” आबासाहेब म्हणाले. “मशीन पोरांला कळतंय. वळण तेवढं तुमी लावा.”

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागले होते.

संगणकासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश शेजारी घेऊन पंधरा दिवस वाचलं. त्यातलं यंत्राविषयीचं थोडंफार समजलं. मुलांविषयी त्यात काहीच नव्हतं. अकरावी-बारावीची नऊ मुलं निवडली होती, पाच मुलगे आणि चार मुली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सहा. नाशिकचा नंबर फिरवायचा, मग मोडेमचं खोकं किंचाळायचं, घरघरायचं आणि नशीब असलं तर जोडलं जायचं. कधी लाइन तुटायची, कधी वीजच जायची. एका तासात वीस मिनिटं जग दिसलं तर मुलं खूश असायची.

त्या वीस मिनिटांत ती थेट गप्पांच्या खोल्यांत शिरत. तिथे कुठकुठली माणसं एकाच पाटीवर लिहीत असतात. ओळी सरकत जातात आणि कोण कुणाशी बोलतंय ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. नवा माणूस आला की त्याला पहिला प्रश्न ठरलेला: वय काय, मुलगा की मुलगी, राहणार कुठला. अनीश नावाचा बारावीतला एक तोंडाळ, हुशार मुलगा होता. तो ‘टायगर’ या नावाने आत जायचा आणि वय चोवीस, मुक्काम मुंबई असं ठोकून द्यायचा.

“अनीश, तू मुंबईचा कधीपासून?” मी विचारलं.

“सर, इथे सगळेच फेकतात.”

“दुसरे फेकतात म्हणून आपणही?”

“कोपरगाव लिहिलं तर पुढे कुणी बोलतच नाही, सर. नाव वाचूनच पळतात. त्यांना वाटतं साखर विकायला आलाय.”

मुलं हसली. मी हसलो नाही. मला ते फार लागलं. आपलं नाव, आपलं गाव लपवायचं आणि वाघाच्या नावाने परक्या माणसांत हिंडायचं, याला वळण म्हणायचं का?

इथे भीमराज भिंगारदिवे यांच्याविषयी सांगितलं पाहिजे. ते आमच्या भागाचे पोस्टमन. गेली अकरा वर्षं ऑक्टोबरात टपाल दिनाला आम्ही दोघं शाळेत जाऊन पाचवी ते दहावीच्या मुलांना पत्र लिहायला शिकवत होतो. मी मायना, मजकूर, अक्षर सांगायचो. भीमराज पिशवीतून एक पाकीट काढायचे. त्यावर ‘पत्ता अपुरा’ असा शेरा असायचा. “हे कुनाच्या तरी आईचं पत्र हाय,” ते म्हणायचे. “गल्ली लिहिली न्हाई, म्हनून परत चाललंय. आता ती माउली तिकडं वाट बघत बसंल.” एवढं म्हणून ते पाकीट पुन्हा आत ठेवायचे.  मग सगळ्यांकडून मी पूर्ण पत्ता लिहून घ्यायचो: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, द्वारा कोण, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, पिन.

भीमराजांची मुलगी जयमाला पाचवीपासून त्या वर्गांना बसत आली होती. आता ती अकरावी सायन्सला होती आणि आमच्या चार मुलींपैकी एक होती. तिला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. कुठली परीक्षा, कुठला अर्ज, कुठली पुस्तकं, हे सांगणारं तिच्या घरात कुणी नव्हतं. गावातही फारसं नव्हतं. ते सगळं त्या संगणकात सापडेल, या एका आशेवर ती यायची.

अनीशच्या वाघाला उत्तर म्हणून मी पुढच्या तासाला एक पुठ्ठा आणला. काळ्या शाईने, मोठ्या अक्षरात, इंग्रजीत लिहिलेला. माझं नाव अमुक. माझ्या वडिलांचं नाव अमुक. मी इयत्ता अमुकमध्ये शिकतो किंवा शिकते. माझा पत्ता: आणि खाली रकाने. शेवटी कोपरगाव, जिल्हा अहमदनगर, पिन चार दोन तीन सहा शून्य एक. पुठ्ठा संगणकाच्या वर खिळ्याला टांगला आणि सांगितलं, कुणी ओळख विचारली तर अशी द्यायची. पूर्ण आणि खरी.

“सर, हा तर मतदार यादीतला उतारा झाला,” अनीश म्हणाला.

“चालेल.”

मुलग्यांनी दोन दिवस तसं लिहिलं आणि सोडून दिलं. जयमालाने सोडलं नाही. पुठ्ठ्याकडे बघत, एकेका बोटाने, ती सगळा पत्ता टाइप करायची. मी मागे उभा राहून बघायचो आणि मला बरं वाटायचं. हे लिहिताना त्या बरं वाटण्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी दुपारी भीमराज आमच्या घरी आले. खाकी कपडे, सायकलला अडकवलेली पिशवी. रोज ते फाटकातूनच टपाल देत. त्या दिवशी आत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. खिशातून एक निळं अंतर्देशीय काढून माझ्यापुढे धरलं.

“वाचा, सर. माझ्याच हातात आलं. टपाल लावताना.”

पत्र कुमारी जयमाला भीमराज भिंगारदिवे हिच्या नावाने होतं. पत्ता गल्लीसकट, पिनसकट, अगदी माझ्या पुठ्ठ्याच्या क्रमाने. आत मराठी मजकूर. लिहिणाऱ्याचं नाव अमित, वय एकोणीस, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. संगणकावर आपल्या इतक्या छान गप्पा होतात, तेव्हा आता भेटायला हवं. येत्या रविवारी कामानिमित्त कोपरगावला येतोय, प्रवेश परीक्षेची पुस्तकं तुझ्यासाठी घेतली आहेत. सकाळी साडेअकराला वाचनालयात ये. एकटीच ये. तुझ्या सरांना सांगू नकोस, ते भले गृहस्थ आहेत पण जुन्या वळणाचे, त्यांना हे समजणार नाही.

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. हे तिनेच त्याला सांगितलं असणार.

“पुन्याचं म्हनतो,” भीमराज म्हणाले. “शिक्का बघा.”

मी बघितलं. मला काळा डाग दिसला.

“येवला. पुन्याची थैली येगळी येती. हे मनमाडच्या थैलीत हुतं. आपल्यापासून पाऊन तासावर बसलाय गडी, अन् लिहितो पुन्याचा.”

मी पत्र उजेडात धरलं. शिक्क्यातलं मला कळत नाही, पण हस्ताक्षरात माझं आयुष्य गेलं आहे. उभी रेघ जाड, आडवी बारीक, मात्रा लांब ओढलेली. हा हात टाक आणि दौतीवर वळलेला होता. एकोणीस वर्षांच्या मुलांनी टाक पाहिलेलाही नसतो.

“हा माणूस पन्नाशीचा आहे, भीमराज,” मी म्हणालो.

 इंदू चहा घेऊन आली, तिने दोघांकडे बघितलं आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली.

“पोरगीला इचारलं, पत्ता का दिलास,” भीमराज म्हणाले. “तर म्हनती सरांनी शिकवलं. भिंतीवर लिहून ठेवलंय म्हनती. म्हनलं, सरांचं नाव घेतीस? सर असलं शिकवतील का? तर हट्टच. जाऊन बघा म्हनती.” त्यांनी कप उचलला नाही. “मी तिला सांगून टाकलं, उद्यापासून वाचनालय बंद. बारावी झाली की बघू काय करायचं ते. पन तुमाला एकदा इचारावं म्हनलं. खरं काय हाय, सर?”

उत्तर एका शब्दाचं होतं. हो म्हणायचं होतं. मी चष्मा काढून पुसला आणि म्हणालो, “मी बघतो. मुलांना विचारतो.”

भीमराज चहा न पिता गेले. इंदू म्हणाली, “काय बघणार आहात?”

मी तिलाही सांगितलं नाही.

शुक्रवारी मी साडेचारलाच वाचनालयात गेलो. खुर्चीवर चढून पुठ्ठा काढला आणि एकोणीसशे एकाहत्तरच्या मासिकांच्या गठ्ठ्यांमागे उभा करून ठेवला. मी असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मुलांनी तो यापुढे वापरू नये म्हणून, असं त्या वेळी स्वतःला सांगितलं होतं. त्यासाठी तो लपवायची गरज नव्हती.

जयमाला आली नव्हती. अनीशने भिंतीकडे बघितलं.

“सर, पुठ्ठा कुठे गेला?”

“धूळ बसली होती. पुसायला काढलाय.”

“खिळासुद्धा काढलात.”

 लाइन लागली होती आणि मुलं गप्पांच्या खोलीत शिरली होती. मला त्यांना सांगायचं होतं की थांबा, इथे कुणालाही आपला पत्ता देऊ नका. पण गेले तीन महिने मी नेमकं उलटं सांगत आलो होतो. आता काय सांगायचं? खोटं लिहा? वाघ व्हा? उभा जन्म मी मुलांना खरं लिहा म्हणून सांगितलं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “मुलांनो, जरा जपून.”

“काय जपून, सर?” अनीश पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

“एकूणच.”

“बरं, सर.”

त्याच वेळी मला दारात भीमराज दिसले. ते आत आले नाहीत. त्यांनी संगणकावरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे पुठ्ठ्याच्या जागी चुन्याचा स्वच्छ चौकोन उरला होता आणि खिळ्याचं भोक. मग त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि सायकल घेऊन निघून गेले. मी खुर्चीतून उठलो, दारापर्यंत गेलो. हाक मारायला हवी होती.

रविवारी अकराला मी वाचनालयाच्या टेबलाशी बसलो. भीमराज साध्या कपड्यांत आले आणि वर्तमानपत्रांच्या बाकावर बसले. शनिवारी टपाल देताना फाटकातच आमचं ठरलं होतं, ते एवढंच की माणूस कोण ते बघायचं. पोलिसांत जायला ते तयार नव्हते. “पोरीचं नाव चार लोकांच्या तोंडी जाईल,” ते म्हणाले होते.

साडेअकराला पाच मिनिटं असताना एक गृहस्थ आला. पन्नाशीचा, सफारी घातलेला, केस नीट विंचरलेले, हातात कापडी पिशवी. बघून कुणीही बसायला खुर्ची दिली असती. मी दिली.

“इथे संगणक आहे म्हणे,” तो म्हणाला. “मुलं रविवारी येतात का?”

 एकतीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप हलला आणि मी अभ्यागतांची वही त्याच्यापुढे सरकवली. “नाव, पूर्ण पत्ता, सही.”

त्याने खिशातून शाईचं पेन काढलं. ‘ए. व्ही.’ असं लिहिलं आणि पुढे ‘पुणे’. उभी रेघ जाड, आडवी बारीक. उलट्या बाजूनेही मला ती ओळखू आली.

भीमराज बाकावरून उठून त्याच्या मागे येऊन उभे राहिले होते.

“पत्ता पुरा लिहा, साहेब,” ते म्हणाले. “येवल्यात गल्ली कंची?”

पेन थांबलं. “मी पुण्याचा आहे.”

“मग पत्र येवल्याच्या पेटीत कसं पडलं? मी पोस्टमन हाय, साहेब. जयमालाचा बाप.”

तो माणूस घाबरला असेल, पण दिसलं नाही. त्याने पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि उठला. काहीतरी गैरसमज होतोय, असं पुटपुटत तो दाराकडे चालू लागला. भीमराज त्याच्या वाटेत जाऊन उभे राहिले. दोघं समोरासमोर. या क्षणी कुणीतरी मोठ्याने बोलायला हवं होतं, माणसं गोळा करायला हवी होती. मी टेबलामागून धावत आलो आणि म्हणालो, “अहो, आपली पिशवी राहिली.”

आणि ती त्याच्या हातात दिली.

भीमराजांनी माझ्याकडे वळून बघितलं. तेवढ्यात तो बाजूने निघून रस्त्याला लागला होता. पिशवीच्या तोंडातून दोन जाड नवी पुस्तकं डोकावत होती. ती त्याने खरंच आणली होती. आणखी काय होतं ते मला माहीत नाही, कारण मी आत बघितलं नाही. दुसऱ्याची पिशवी उघडायची नाही, असं मला लहानपणी शिकवलेलं आहे.

“कशाला दिलीत?” भीमराज म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी मासिकांच्या खोलीत गेलो, गठ्ठ्यांमागून पुठ्ठा काढला आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. इंग्रजी त्यांना पत्त्यापुरतं चांगलं येतं.

“म्हंजी पोरगी खरं बोलत हुती.”

“हो.”

“अन् गुरवारी तुमी गप बसलात.”

“हो.”

“शुक्रवारी मी भिंत बघून गेलो, सर. घरी गेलो आन् तिच्या थोबाडीत मारली. म्हनलं, वर खोटं बोलतीस.” त्यांनी पुठ्ठा पालथा घातला. “तिनं पुन्हा एक शब्द काढला न्हाई.”

मला क्षमा मागायची होती. ती मागितली की नाही ते आठवत नाही. ओठ हलले एवढं खरं.

भीमराज खुर्चीत बसले. त्याच खुर्चीत. “अकरा वर्सं मी बी तेच सांगत आलो,” ते म्हणाले. “पत्ता पुरा लिहा, पुरा लिहा. पन पत्राला शिक्का असतो, सर. कुटनं आलं ते मला कळतं. त्या मशीनवर शिक्का कुटं असतो?”

“नसतो.”

“मग हे पोरांना आधी कुनी सांगायचं हुतं?”

दारावरच्या पाटीखाली ‘देखरेख’ म्हणून माझं नाव होतं. मी तिकडे बघितलं नाही.

मंगळवारी कार्यकारिणीची सभा होती. गोष्ट गावात अर्धवट पसरली होती. मुलीचं नाव कुणाला माहीत नव्हतं, एवढं मात्र आम्ही राखलं होतं. मी दोन पानं लिहून नेली होती: चूक माझी, पुठ्ठा हा पाहा, मुलांना थांबवू नका, त्यांना शिकवू या, त्यासाठी पोस्टमनसाहेबांनाही बोलवू या. पहिला परिच्छेद वाचून झाला तेव्हा आबासाहेबांनी हात वर केला.

“सर, तुमी कशाला मनाला लावून घेताय?” त्यांनी पुठ्ठा हातात घेऊन लांब धरला. “अक्षर बाकी सुंदर हाय तुमचं. आता असं करा, पोरींना बंद. पालक बरुबर आसंल तरच आत.”

विमलबाई नावाच्या आमच्या एकमेव महिला सदस्य आहेत. निवृत्त परिचारिका, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, “आलेला पुरुष होता ना? मग बंदी पोरींना कशी?”

“बाई, काळजीपोटी चाललंय हे.”

“काळजी मुलग्यांची नको का? त्यांना कुणी बोलावलं तर?”

“मुलग्यांना कोन बोलावतंय,” आबासाहेब म्हणाले आणि बाकीचे हसले. “ठराव लिहा, सर.”

मी मानद चिटणीसही आहे. पहिल्या परिच्छेदानंतरची दीड पानं मांडीवर होती आणि हातात पेन होतं. विमलबाई माझ्याकडे बघत होत्या. “तुम्ही काय म्हणता, सर?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझं मत शिकवावं असं आहे. ते बहुधा पंख्याखाली कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी ठराव लिहिला. तो वहीत आहे, माझ्याच अक्षरात. एक विरोधी मत विमलबाईंचं नोंदवलंय. माझं नोंदवायचं सुचलं ते घरी येताना, पुलावर.

“पिशवी दिलीत, ठरावही लिहून दिलात,” इंदू म्हणाली. “आता उरलं काय?”

उरलेलं करायचं म्हणून मी दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिघी मुलींच्या घरी गेलो. एकीच्या आईने दारातूनच सांगितलं की यंदा बारावी आहे, नको ते. दुसरीकडे वडील म्हणाले की शेतावरून पाचला कोण येणार पालक म्हणून बसायला. देवश्री नावाच्या तिसऱ्या मुलीने आतून डोकावून विचारलं, “सर, मी काय केलं होतं?” तिच्या आजोबांनी तिला आत जायला सांगितलं आणि मला विचारलं की चहा घेणार का.

भीमराजांच्या घरी मी गेलो नाही. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो.

शुक्रवारी पाचला पाच मुलगे आले. मी पुठ्ठा उलटा करून कोरी बाजू पुढे ठेवली होती आणि मुलांना विचारत होतो की यावर काय लिहावं. पहिल्यांदाच विचारत होतो.

“लिहा, खरं नाव देऊ नये,” अनीश म्हणाला.

“खोटं द्यावं?”

“मी तेव्हा दिलं तर तुम्ही चिडलात. पण मला येवल्याहून कुणी भेटायला आलं नाही, सर.”

मी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. तो बरोबर होता आणि ते माझ्या हातून लिहिलं जात नव्हतं. त्याच वेळी दारात सायकल थांबली. भीमराज खाकी कपड्यांतच होते, फेरी आटोपून सरळ आलेले. मागे जयमाला.

“पालक,” भीमराज म्हणाले आणि वहीत सही केली. पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. मग एक स्टूल ओढून संगणकाच्या उजव्या बाजूला बसले आणि टपालाची पिशवी पायाशी ठेवली.

जयमाला माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

“तुम्ही काढलात ना तो, सर?” ती म्हणाली.

“हो.”

“मी बाबांना म्हटलं होतं, जाऊन बघा.”

“मला माहीत आहे.”

 ती खुर्चीत बसली. मी म्हणालो की माझं चुकलं, आणि या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं असावं, कारण अनीशने मान खाली घातली.  जयमालाने नाशिकचा नंबर फिरवला.

लाइन लागली. गप्पांची खोली उघडली. ओळी सरकू लागल्या आणि लगेच एकाने विचारलं, राहणार कुठली.

“ह्यो कुटनं बोलतोय?” भीमराज म्हणाले.

“कळत नाही, बाबा.”

“मग आपन बी सांगायचं न्हाई.”

“नाव विचारतोय.”

“त्याचं इचार. खरं हाय का ते कसं कळंल?”

“नाही कळणार.”

“मग झालं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “लिहा, सर. शिक्का दिसत न्हाई तवर पत्ता द्यायचा न्हाई. खोटं लिहायची गरज न्हाई. गप बसायचं.”

मी ते पुठ्ठ्यावर लिहिलं. खाली अनीशच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ लिहिली, कुणी एकटं भेटायला बोलावलं तर त्याच तासाला सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. शाई वाळेपर्यंत दोन मुलगे त्यावरून वाकून खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी ते वाचलं का, मला शंका आहे. त्यांतला एक पुढच्याच सोमवारी पुन्हा मुंबईचा झाला. मी काही बोललो नाही, आणि बोलायला हवं होतं का, हे अजून ठरवू शकलो नाही.

जयमालाने गप्पांची खोली बंद केली आणि पुण्याच्या कॉलेजचं पान मागवलं. ते वरून खाली, एकेका रेघेने उतरू लागलं. आधी आकाश आलं, मग इमारतीचं छप्पर, मग वरच्या मजल्याच्या खिडक्या. भीमराज पुढे वाकून बघत होते. प्रवेशाची माहिती खाली कुठेतरी असणार होती.

खिडक्यांपर्यंत येऊन ते थांबलं. खोक्यावरचा दिवा विझला.

“गेली का?” भीमराजांनी विचारलं.

“लाइन तुटली.”

त्यांनी घड्याळ बघितलं. सहाला सोळा मिनिटं होती. बाकावर तीन मुलींच्या जागा रिकाम्या होत्या आणि तिथे मुलग्यांनी दप्तरं ठेवली होती.

“फिरव परत,” ते म्हणाले.

तिने फिरवला. खोकं किंचाळलं, घरघरलं आणि गप्प झालं. तिने पुन्हा फिरवला.